लोट्यात आमचा हात नव्हता

दखिन टोला,
चैत महिना, मंगळवार

प्रिय बिंदूचे बाबा,

पत्राची सुरुवात 'प्रिय'ने करायची असते हे तुम्हीच मला शिकवलंत, म्हणून लिहिलं. नाहीतर आत्ता जिभेवर जे शब्द आहेत ते कागदावर ठेवण्यासारखे नाहीत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही दोनदा लुधियान्याला मजुरीला गेलात तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, आणि अक्षर आलं तेव्हापासून तुम्ही घर सोडून कुठे गेला नाहीत. आता आहात तरी कुठे? टोल्यातल्या आपल्या घरातून हाक मारली तर ऐकू जाईल अशा आमराईत, ठाकुरांच्या कोठीत. आणि मला पत्र लिहावं लागतंय! अकरा दिवस झाले. परवा मी सत्तू आणि कांदा बांधून आमराईच्या फाटकापर्यंत आले होते, कुणी सांगितलं का तुम्हाला? नसेलच सांगितलं. फाटकावरचा तो जाड्या म्हणाला, "प्रधानजी आराम करतायत, बाईमाणसाला आत सोडायचं नाही." मी म्हटलं, "अरे मेल्या, त्याच प्रधानजींची बायको आहे मी." तर दात काढून म्हणतो, "म्हणूनच." सत्तू त्यानेच खाल्ला असणार. त्याचं पोट बिघडो.

हे पत्र कौलेसरी आत्या घेऊन येतील. कोठीच्या मागे गोवऱ्या थापायला त्या रोज पहाटे येतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. शेणाच्या पाटीच्या तळाशी कागद असेल, वास आला तर नाक मुरडू नका. आत्यांनीच मला सांगितलं की तुम्हाला आता खुर्ची दिली आहे. दहा महिने ठाकुरांच्या अंगणात उकिडवे बसत होतात, आता खुर्ची! पण खुर्ची म्हणे छपराखाली, ओसरीवर नाही. आणि चहा अजून त्याच काचेच्या ग्लासात, जो पिऊन झाल्यावर तुम्ही स्वतः विसळता आणि छपराच्या गवतात खोचून ठेवता. प्रधानजींचा ग्लास गवतात! बाकी घरी बरं आहे. शेळी व्याली, दोन पिल्लं, दोन्ही माद्या. तुमच्या डाव्या पायाला मोहरीचं तेल कोण चोळतं? कुणी चोळत नसेल तर स्वतः चोळा, लाजू नका.

टोल्यात काय चाललंय ते तुम्हाला तिथे धड कळत नसेल, म्हणून सांगते. आपल्या गावची प्रधानकी, गावच्या कारभाराची खुर्ची, सरकारने पहिल्यांदाच आपल्यासारख्यांसाठी राखीव केली. त्रिभुवन सिंह ठाकुरांच्या घरात तीन पिढ्या ती खुर्ची आहे. तुम्ही त्यांना मालक म्हणता, मी ठाकूरच म्हणणार. खुर्ची कायद्याने सोडावी लागतेय, पण हातातून सोडायची नाही, म्हणून तिच्यात बसवायला त्यांना आपल्यातलाच एक माणूस हवा होता. तो तुम्ही. अर्ज भरायची शेवटची मुदत उद्या, बुधवारी दुपारी तीनपर्यंत. तोवर दुसरा कुणी अर्ज भरला नाही तर मतदानच होणार नाही. तुम्ही बिनविरोध प्रधान, आणि प्रधानाचा शिक्का ठाकुरांच्या कपाटात. पाच वर्षं. सरकारी हातपंप पुन्हा त्यांच्याच वाड्याभोवती बसणार, आणि आपल्या पोरी जेठात पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरणार. हे तुम्हाला मी सांगायला नको. हे सगळं तुम्हीच तर मला समजावत होतात, एके काळी.

होळीच्या आधीची ती पंचायत आठवते ना? संत रैदासांच्या चबुतऱ्यासमोर टोल्याच्या पंचांनी, बुझावन चौधरींनी, पितळी लोटा भरून ठेवला. बेचाळीस घरांचे पुरुष एकेक करून उठले, चिमूटभर मीठ लोट्यात टाकलं आणि तुमच्याकडे बघून म्हणाले, मी याच्याविरुद्ध उभा राहणार नाही, माझं मत यालाच, शब्द मोडला तर या मिठासारखा विरघळून जाईन. आपली एकजूट व्हावी, फाटाफूट नको, एकच माणूस उभा राहावा, म्हणून केलं. आणि तो माणूस कोण, यावर कुणी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. सगळ्यांच्या तोंडी तुमचंच नाव. आम्ही बायका नेहमीसारख्या गोठ्याच्या भिंतीमागे. बायकांच्या हातचं मीठ भाजीतच बरं, असं आपले चौधरी म्हणतात. भिंतीच्या फटीतून मी बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला होता. शेवटी तुम्ही स्वतः मीठ टाकलंत तेव्हा निम्मं लोट्याबाहेर सांडलंत. मला वाटलं, माणसाला गहिवरून आलंय. आदल्याच रविवारी तुम्ही ठाकुरांच्या दारात जाऊन त्यांना 'हो' म्हणून आला होतात, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तेही जीप दारात उभी राहिल्यावर.

तुम्हालाच का निवडलं, माहीत आहे ना? त्या वर्षामुळे. बिंदू सात वर्षांची होती. ठाकुरांचा बैल मेला आणि तुम्ही म्हणालात, आजपासून या टोल्यातला कुणी मेलेलं जनावर ओढणार नाही. टोल्यातल्या म्हाताऱ्यांनी तुम्हाला वेडा ठरवलं. तो बैल पाच दिवस त्यांच्या दारात फुगत पडला होता. नंतर एक म्हैस, मग आणखी एक बैल. गावभर वास, आणि आपल्या टोल्यात पोरंसोरं नाक दाबून हसतायत! मी तुमच्यावर किती चिडले होते. कातड्याचे पैसे गेले, खायचं काय, म्हणून भांडले होते. आणि मग नहरेवर, कालव्याच्या काठी, तुम्हाला गाठून त्यांनी पाय मोडला. चौघांनी तुम्हाला खाटेवर घालून आणलं. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, "रडतेस कशाला, पाय मोडलाय, तोंड शाबूत आहे." त्या चार महिन्यांत पडल्यापडल्या कोळशाने भिंतीवर अक्षरं काढून तुम्ही मला वाचायला शिकवलंत. सासूबाई ओरडायच्या की भिंत काळी केली. पण पुन्हा कधी कुणी मेलेलं जनावर ओढलं नाही, आजतागायत नाही. लोट्यात मीठ टाकणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर तो माणूस होता.

त्यानंतरचं मला माहीत नाही असं समजू नका. पाय मोडला तो तुमचा, आणि खटला दाखल झाला तोही तुमच्यावरच, खळं जाळल्याचा. अकरा वर्षं तारखा. उन्हात, थंडीत, मोडक्या पायाने गाझीपूरला जायचं आणि वकिलाने 'पुढची तारीख' म्हणायचं. गेल्या वर्षी ठाकुरांनी साक्षीदार मागे घेतला आणि तुम्ही सुटलात. आभार मानायला म्हणून गेलात, आणि तिथेच बसायला लागलात. माणूस थकतो हो. मी रोज बघत होते ना तुम्हाला थकताना! मी एका शब्दाने बोलले नाही, ही माझी चूक. "खाल्ल्या मिठाला जागायला हवं," असं तुम्ही एकदा जेवताना पुटपुटलात तेव्हा मी आणखी भात वाढला. तेव्हाच विचारायला हवं होतं की मीठ कुणाचं खाल्लं? तळ्याकाठचा तो दहा बिस्व्यांचा तुकडा कागदावर तुमचा आहे. पट्ट्याचा कागद आपल्या पेटीत आहे, कुलूप लावून ठेवलाय. आणि त्याच तुकड्यावर तुम्ही ठाकुरांचा नांगर धरता, मजुरीने. आपलीच जमीन, आपलाच घाम, वर उपकार त्यांचे. हे मीठ कसलं?

जीप येऊन तुम्हाला घेऊन गेली त्या संध्याकाळी टोल्यात चूल पेटली नाही. कुणी मेलं की असतं तसं होतं. तुम्ही जीपमध्ये मागे वळून पाहिलं नाहीत, ते बरंच केलंत. दुसऱ्या दिवशी सगळे पुरुष बुझावन चौधरींच्या दारात. मिलिटरीतून सुटून आलेला रामअवध, एवढा शिकलेला, छाती पुढे काढून चालणारा, तो म्हणाला, "मी भरला असता फॉर्म. पण माझ्या हातचं मीठ आहे त्या लोट्यात." आणि रडला. मिशा ओल्या होईपर्यंत रडला. दुसरा कोण उभा राहणार? जो तो आपल्या हाताकडे बघतोय. चौधरी तर कपाळावर हात मारून बसले. बेचाळीस घरांतल्या पुरुषांनी स्वतःच्या हाताने स्वतःला दोरी बांधून घेतली आणि दोरीचं टोक ठाकुरांच्या हातात गेलं. शब्द मोडा, असं कुणीही म्हणालं नाही. मोडला असता तर आपल्यात आणि कोठीवाल्यांत फरक काय राहिला असता, हे मलाही पटतं. फक्त झिंगुरी आजोबा म्हणाले, "मत देईन रे, पण शिक्का मारताना म्हाताऱ्याचा हात हलला तर? हात हलण्याबद्दल शपथेत काही नव्हतं." त्या सुतकातही लोक हसले.

वाट सापडली ती नहरेच्या बांधावर. तुम्ही गेल्यावर दोनच दिवसांनी ठाकुरांनी डबा वाजवून दवंडी दिली. दखिन टोल्यात कुणी वाकडी चाल करू नये म्हणून आतापासूनच त्यांच्या शेतात कुणाचा पाय पडता कामा नये. कापणीला बाहेरून माणसं आणली. या चैतात आपल्या घरात गव्हाची एक पेंढीही आलेली नाही, हे तुम्हाला तिथे पुरी खाताना कळलं नसेल. शेतं बंद म्हणजे सकाळी लोटा घेऊन जायची जागाही बंद. मग आम्ही सगळ्या बायका घोळक्याने लांब नहरेवर जातो. अर्धा कोस जायचं, अर्धा कोस यायचं. मी तर म्हणते ठाकुरांनी आमच्यावर उपकारच केले. कारण एवढा वेळ सगळ्या जणी एकत्र, आणि ऐकायला एकही पुरुष नाही, असं याआधी कधी झालं होतं? तिथे एक दिवस कुणीतरी पुन्हा तेच रडगाणं लावलं, मीठ टाकलं, आता काय करणार, म्हणून. आणि कौलेसरी आत्या, ज्यांना निम्मं ऐकू येत नाही, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मीठ त्यांनी टाकलं. आपला हात कुठे होता गं लोट्यात?"

सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कुणाला आधी हसू फुटलं आठवत नाही, पण मग कुणालाच आवरेना. अहो, खरंच की! पंचायतीला बायकांना बोलवत नाहीत, त्यांचं मीठ चालत नाही, त्यांचा शब्द धरत नाहीत. मग आमच्या गळ्यात दोरी कुणी बांधली? आम्ही मोकळ्या! परतताना कुणाच्याही पायाला अर्धा कोस जाणवला नाही. तशाच आम्ही सरळ चौधरींच्या दारात गेलो, भिंतीमागे नाही, समोर. वीस-बावीस बायका रिकामे लोटे हातात घेऊन उभ्या, असा देखावा त्यांनी जन्मात पाहिला नसेल. त्यांनी दाढी खाजवली. म्हणाले, "शपथ पुरुषांची होती हे खरं. पण बायका कधी उभ्या राहिल्यात?" मी म्हटलं, "चौधरी, आत्ता उभ्याच आहोत. बसा म्हणायचंही तुम्हाला सुचलं नाही." त्यांनी स्वतः उठून चटई टाकली.

मग मी कामाला लागले. तुम्ही मोर्च्याची तयारी करताना करायचात तसंच, घर धरून, माणूस धरून. टोल्यातल्या बायकांची मतं सत्त्याण्णव. पुरुषांना मी सांगितलं, तुम्ही तुमचा शब्द पाळा, मत तिकडेच द्या, आम्हाला तुमच्यावाचून जिंकायचं आहे. रामअवधचं तोंड बघायला हवं होतंत. मग राजभर जातीच्या टोल्यात गेले. त्यांच्या झोपड्यांपुढची वाट ठाकुरांनी काटेरी तार घालून बंद केली आहे, लछिया राजभरने मला त्या तारेपाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "आधी ही वाट. मग आमची सगळी मतं." आणि विणकरांकडे गेले जैबुनला भेटायला. तिने मागाचा धोटा न थांबवता ऐकलं. तुम्हाला माहीत आहे ती कशी फटकळ आहे. म्हणाली, "इसरावती, तुमची माणसं दर वेळी आमच्याकडे येतात, मतं नेतात आणि मग ठाकुरांच्या दारात जाऊन बसतात. तुझ्या घरातलाच एक बसलाय." मी मान खाली घातली. तिनेच मग माग थांबवला. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "बाई बाई करतेयस, पण उभी कोण राहणार ते बोल. नाव कळल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही."

खरं सांगते, तोवर मी नावाचा विचारच केला नव्हता. म्हणजे केला होता, पण दुसऱ्या कुणाच्या तरी. झिंगुरींची सून आहे, धीट आहे. पण तिचं मूल अंगावर पितं. आत्या म्हाताऱ्या. बाकीच्यांना सही येत नाही, आणि सही न येणाऱ्या प्रधानाचा अंगठा कुणीही पकडून कुठेही टेकवतो, हे आपण शेजारच्या गावात पाहिलंच. वाचता-लिहिता येणारी टोल्यात एकच. संध्याकाळी सगळ्या आपल्या अंगणात जमल्या आणि माझ्याकडे बघत बसल्या. मी चिडले. म्हटलं, "तुम्हाला कळतंय का, कुणाच्या विरुद्ध उभं राहायला सांगताय?" आत्या म्हणाल्या, "त्याच्या विरुद्ध कुठे? ठाकुरांच्या विरुद्ध. तो मध्ये बसलाय एवढंच." दोन दिवस मी भाकरी गिळली नाही. तुमच्या जोड्यांना तेल लावत बसले, शेळीशी भांडले. तुम्ही मला अक्षर शिकवलंत, आणि ते पहिल्यांदा कामी येणार ते तुमच्याविरुद्ध, हा विचार पाठ सोडेना. तिसऱ्या दिवशी उठले आणि जैबुनला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझ्या फॉर्मवर सूचक म्हणून माझी सही."

बिंदू आली आहे. जावयाने स्वतः सायकलवरून आणून सोडली, तुमच्याबद्दल एक अक्षर वाकडं बोलला नाही, चांगला मुलगा आहे. फॉर्म तिने ब्लॉकच्या कचेरीतून आणला आणि काल दुपारी आम्ही मायलेकी तो भरायला बसलो. माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, जात लिहिली. तिथे लिहिताना हात जरासुद्धा अडला नाही. मग आली ओळ 'पतीचे नाव'. मी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांत मी तुमचं नाव कधी उच्चारलं नाही, नवऱ्याचं आयुष्य उणं होतं म्हणतात. म्हटलं, तू लिही. बिंदू म्हणाली, "अम्मा, माझं अक्षर चालायचं नाही. आणि उद्या साहेब विचारतील तेव्हा काय करशील? भिंतीमागे जाशील?" तुमचीच पोर, तुमचीच जीभ. मी आधी एका रद्दी कागदावर लिहून बघितलं. सुखारी राम. वाटलं होतं अंगावर वीज पडेल. काही झालं नाही, शेळी ओरडली. मग फॉर्मवर लिहिलं, आणि नंतर उगीचच आणखी दोन-तीनदा त्या कागदावर लिहिलं. चांगलं दिसतं हो तुमचं नाव.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. उद्या तुमच्या हातात हे पडेल तेव्हा मी जैबुन, लछिया आणि टोल्यातल्या बायकांबरोबर ब्लॉकच्या रस्त्याला लागलेली असेन. दुपारनंतर ठाकूर तुमच्यासमोर येतील आणि सांगतील की तुझी बायको तुझ्याविरुद्ध उभी राहिली. हसत सांगतील, चार माणसांसमोर सांगतील. एवढी वर्षं तुमच्या ताटात वाढलं, आणि ही गोष्ट तुम्हाला त्यांच्या तोंडून कळावी, हे मला सोसवलं नाही. म्हणून आधी माझ्या हाताने कळवते आहे. तुम्ही अर्ज मागे घ्या असं मी म्हणत नाही. तुम्ही आत एकटे आहात. तिथून माघार घेतलीत तर ते दुसरा पायही शाबूत ठेवणार नाहीत, एवढं मला कळतं. तुम्ही काहीच करू नका. खुर्चीत बसा, हार घाला, ते म्हणतील तिथे हात जोडा. तुम्हाला पाडायचं काम आमचं आहे, आणि ते आम्ही नीट करू. मोजणी होऊन तुम्ही हरलात की तुमचा त्यांना काही उपयोग उरणार नाही, तासाभरात ते तुम्हाला फाटकाबाहेर काढतील. मी फाटकाशी उभी असेन. आपण सगळ्यांच्या देखत टोल्यातून चालत घरी जाऊ, आणि कुणी तुम्हाला एक शब्द बोललं तर त्याची गाठ माझ्याशी आहे. पण जिंकलात, तर मात्र तिथेच राहा. त्यांच्या कपाटातल्या शिक्क्याची बायको म्हणून मला जगायचं नाही. हरून या, बिंदूचे बाबा. मी वाट बघते आहे.

उद्यापासून तुमच्याविरुद्ध, तरी तुमचीच,
इसरावती